जांभ्याचं जुनं घर, त्याला चिकटून स्लॅबची खोली आणि बाहेरच्या भिंतीला भेगा : काय भरू, कसं भरू?

पागोळी, ११ जुलै

नमस्कार मंडळी, घर रत्नागिरी तालुक्यात, समुद्राकडून येणारी झड सरळ अंगावर घेणारं. मूळ घर आजोबांच्या वेळचं, जांभ्याचा चिरा, वर कौलं. १९९४-९५ च्या सुमारास पश्चिमेच्या अंगाला, म्हणजे परड्याच्या बाजूला, स्लॅबची एक खोली आणि न्हाणीघर वाढवलं. आता आम्ही सगळे बाहेरगावी, घरात आई-बाबा दोघंच, आणि यावर्षी पावसानं पहिल्याच आठवड्यात दाखवून दिलं की आता मला बघा.

जुनी भिंत आणि नवी खोली जिथं मिळते तिथं उभी भेग आहे, वर करंगळी जाते आणि खाली जमिनीजवळ जेमतेम नख. नव्या खोलीच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग वर गेलीय. शिवाय भोकं : जुन्या डिश अँटेनाची, एसीच्या पाइपची (एसी कधीच काढला), बांधकामाच्या वेळी परांचीचे बांबू घातलेली काही तशीच राहिलेली. पॅरापेटच्या कोपऱ्यात पिंपळ आलाय, दरवर्षी बाबा कोयत्यानं छाटतात, तो दरवर्षी जास्त जोमानं येतो. आणि जुन्या घराला मधल्या काळात कोणीतरी सिमेंटचं प्लास्टर केलं होतं त्याचे पोपडे सुटलेत, हात लावला की तुकडा हातात.

गावातला मिस्त्री म्हणतो सगळं सिमेंटनं भरून वरून वॉटरप्रूफ रंग मारतो, गणपतीच्या आधी मोकळं करून देतो. बाबा त्याला हो म्हणायच्या बेतात आहेत. मी थांबवलंय पण थांबवून काय करायचं ते मला माहीत नाही. फोटो चढत नाहीयेत, गावचं नेट.

साइटवरचा, ११ जुलै

थांबवलंत ते बरं केलंत. भर पावसात बाहेरच्या भिंतीला कायमचं काम करायचं नसतं, भिंत पाणी पिऊन बसलेली असते, वरून वॉटरप्रूफ रंग म्हणजे आतलं पाणी आतच कोंडलं. ऑक्टोबरच्या उन्हात तेच पाणी वाफ होऊन बाहेर यायला बघतं आणि तुमचा रंग फुग्यासारखा फुगतो. मग लोक कंपनीला शिव्या देतात.

आता काही प्रश्न, उत्तरं नीट बघून द्या. वर रुंद आणि खाली बारीक म्हणालात, नक्की ना? खोली ज्या जागेवर बांधली ती मूळची जमीन की भराव? दोन्ही भिंती चिरा घालून एकमेकींत गुंतवल्यात की नुसती नवी भिंत जुनीला टेकवलीय? आणि न्हाणीघराचं पाणी कुठं जातं?

मालवणी_मसालो, ११ जुलै

जांभ्याक शिमीट लावलेला म्हणजे धडधाकट माणसाक प्लास्टर घातल्यासारख्या. सोलून काढ आधी. बाकी इंजिनेर सायब सांगतीतच.

पागोळी, १२ जुलै

@साइटवरचा, बाबांना फोन लावून विचारलं. वर रुंद, खाली बारीक, नक्की. परड्याकडं उतार होता, गडगा (दगडी बांध) घालून भराव टाकला आणि त्यावर खोली. भिंती गुंतवल्यात का ते बाबांना आठवत नाही, पण भेग अगदी ओळंब्यात सरळ आहे. न्हाणीचं पाणी केळीला सोडलंय, खोलीच्या मागच्या कोपऱ्याला लागूनच केळीचं आळं आहे, त्यात अळूही आहे. का हो?

साइटवरचा, १२ जुलै

अहो हेच तर. भेग सरळ म्हणजे भिंती गुंतवलेल्या नाहीत, नुसत्या टेकवल्यात. जुनं घर गेल्या कित्येक वर्षांत बसायचं तेवढं बसून झालंय, ते हलणार नाही. नवी खोली भरावावर, तिचा लांबचा कोपरा खाली बसतोय, म्हणून ती मूळ घरापासून वरच्या बाजूला लांब जातेय, म्हणून वर करंगळी आणि खाली नख. आणि त्या कोपऱ्याच्या पायाशी बारा महिने पाणी तुम्हीच घालताय. पाऊस चार महिने, न्हाणी बारा महिने. खिडकीची तिरपी भेगसुद्धा त्याच दुखण्याची, त्यातून कोणती बाजू खाली चाललीय ते कळतं.

आता मिस्त्री त्या उभ्या भेगेत सिमेंट ठासेल. घट्ट बसेल, छान दिसेल, आणि खोली अजून केसभर जरी सरकली तरी एकतर तीच भेग पुन्हा उघडेल नाहीतर बाजूचा चिरा फुटून नवी पडेल. भेग हे कारण नाही, ती तक्रार आहे. आधी केळीचं पाणी हलवा.

तोपर्यंत एक करा. काचेची पातळ पट्टी, पाव इंच रुंदीची, भेगेच्या आडवी दोन्ही बाजूंना अरल्डाइटनं चिकटवा, वर आणि मध्ये अशी दोन ठिकाणी, शेजारी पेन्सिलीनं तारीख. मात्र प्लास्टरचा पोपडा सुटलाय तिथं नाही, पक्क्या जागी. काच तडकली की भिंत चालतेय. खिडकीच्या भेगेच्या टोकाला नुसती पेन्सिलीची आडवी रेघ आणि तारीख, पुढं गेली का ते बघायला.

काळी_माती, १२ जुलै

सोलापूरकडून. आमच्याकडं उलटं असतंय बघा, काळी माती पावसात फुगती आणि उन्हाळ्यात आकसती, त्यामुळं भेग एप्रिल-मेमध्ये मोठी होती आणि श्रावणात जवळजवळ मिटती. आमचे शेजारी दर उन्हाळ्यात भेगेत सिमेंट भरायचे आणि पावसाळ्यात माती फुगली की भिंतीला मिटायला जागाच नाही, मग दारच बसंना. आम्ही घराभोवती चार फुटाची फरशी केली बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि भिंतीलगतचा बदाम काढला, तो खालचं पाणी ओढत होता. त्यानंतर भेगा राहिल्या पण चालायच्या थांबल्या. मग भरल्या.

डोंबिवली_फास्ट, १३ जुलै

धाग्यात घुसतोय, माफी. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बिल्डिंग ३० च्या पुढची. बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला जिथं बीम आणि विटांची भिंत मिळते तिथं आडवी भेग, पावसात आतून ओल येते. कमिटी म्हणते तुमचा फ्लॅट तुम्ही बघा. झुला (दोरांवर टांगतात ती कामाची फळी) लावून बाहेरून भरून घ्यायचं म्हटलं तर मटेरियलपेक्षा झुल्याचाच खर्च जास्त.

मु_पो_चाळ, १३ जुलै

@डोंबिवली_फास्ट, सोसायटीच्या आदर्श उपविधींत स्पष्ट आहे, बाहेरच्या भिंतीतून पावसाचं पाणी येत असेल तर दुरुस्ती सोसायटीच्या खर्चानं. सभासदाकडं येतं ते त्याच्या संडास-बाथरूमच्या, सिंकच्या गळतीचं. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तोंडी बोलून काही होत नाही. आणि ३० वर्षांच्या पुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्यानंच करावं लागतं, झालंय का तेही त्याच अर्जात विचारा. कमिटी एकदम गोड बोलायला लागते.

साइटवरचा, १३ जुलै

@डोंबिवली_फास्ट, बीम काँक्रीटचा, भिंत विटांची, दोघांचं उन्हात वाढणं-आकसणं वेगळं, त्या सांध्यावर प्लास्टरखाली कोंबडी जाळी (खुराड्याला लावतात तशी तारेची) मारायची राहिली की तिथं भेग ठरलेलीच. त्या पट्ट्याचं प्लास्टर काढून, दोन्ही बाजूंना वीतभर पुढं जाईल अशी जाळी ठोकून पुन्हा प्लास्टर, हा खरा इलाज. पण त्याआधी एक बघा, बीमच्याच अंगावर सळीच्या रेषेत भेग आणि तिथून तांबूस ओघळ आहेत का? असतील तर ते आतलं लोखंड गंजतंय, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून ढकलतो. तिथं वरून काहीही थापलं तरी ते पडणार, आणि तिसऱ्या मजल्यावरून पडणार.

पागोळी, १४ जुलै

डोंबिवलीकर, घुसा हो, मलाही कळतंय. काचा चिकटवल्या. केळीवरून घरात वाद झालाय, आई म्हणते केळी हलवणार नाही. शेवटी ठरलं की केळी तिथंच, पाणी पाइपनं लांब, खालच्या अंगाच्या माडांना. प्लंबर उद्या येतोय म्हणालाय, म्हणजे आठवडा.

जुन्या भिंतीच्या प्लास्टरचं काय? आणि पिंपळ?

मांडवीकाठ, १४ जुलै

गोव्यातून. जांभ्याच्या भिंतीवर लिहायला मला निमित्तच हवं असतं, म्हणून लांब होईल.

चिरा खाणीतून काढतात तेव्हा मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण कडक झाला तरी अंगभर छिद्रंच. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो, हे त्याचं आयुष्य. चुन्याचा गिलावा त्याला सोडू देतो, म्हणून आमच्याकडची जुनी घरं दर वर्षी-दोन वर्षांनी पावसानंतर चुन्याचा हात मारून पुन्हा उभी राहायची. सिमेंटचं प्लास्टर तितकं सोडू देत नाही आणि चिऱ्यापेक्षा ताठ असतं, पाणी मागं अडकतं, खार पुढं येऊन सुकतो, आणि पोपडा पडताना चिऱ्याची वरची कातडी घेऊन पडतो. तुमच्या हातात जो तुकडा येतो त्याची मागची बाजू बघा, लाल भुकटी चिकटलेली असेल.

तर सुटलेलं प्लास्टर पडू द्या, हातोडीच्या दांड्यानं ठोकत जा, बद आवाज येईल तेवढंच काढा, जे घट्ट धरून बसलंय ते उपटायला जाऊ नका नाहीतर चिराच फुटेल. आतल्या दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, कोरून घ्या बोटाच्या एका पेराएवढ्या, तारेच्या ब्रशनं झाडा, ओल्या करा, मग भिजवलेला चुना आणि धुतलेली चाळलेली वाळू, साधारण एकास तीन. पूर्वी घाणीत मळायचे, गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचे, आता तेवढं कोण करतंय, पण निदान चुना भरपूर दिवस मुरलेला घ्या, आजच विझवलेला नको, त्यातले कच्चे खडे नंतर भिंतीत फुगतात आणि फोड उडवतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्यामुळं लगेच टणक झाला नाही म्हणून घाबरायचं नाही, ऊन थेट लागू द्यायचं नाही, ओलं गोणपाट लावायचं. खाडीची वाळू कोणी फुकट देत असला तरी नको, त्यातलं मीठ भिंतीत जन्मभर.

आणि त्यावर प्लास्टिक रंग कृपा करून नको.

साइटवरचा, १४ जुलै

जुन्या भिंतीपुरतं १००% मान्य. नव्या खोलीला मात्र चुना लावायला जाऊ नका, तिथं सिमेंटचाच संसार आहे. आणि खरं सांगायचं तर आमच्याकडं चुन्याचं काम येणारा गवंडी शोधणं हेच अर्धं काम.

मांडवीकाठ, १५ जुलै

मिळतात. देवळाचं जीर्णोद्धाराचं काम जिथं चाललंय तिथं चौकशी करा.

हिरवा_कोपरा, १५ जुलै

पिंपळाचं. पक्षी फळ खातात, बी विष्ठेतून भेगेत पडतं, आणि त्याला माती लागतच नाही. छाटल्यानं तो मरत नाही, मुळं आत जाड होत जातात, कोयत्यानं छाटणं म्हणजे त्याला दरवर्षी बळ देणं आहे. रोप बोटभर असताना पावसात भिंत मऊ असते तेव्हा मुळासकट उपटून येतं. तुमचं जुनं दिसतंय, तिथले पॅरापेटचे दोन-चार चिरे किंवा विटा उतरवाव्या लागतील, मुळं जातील तिथपर्यंत मागोवा घेऊन काढायची आणि पॅरापेट पुन्हा बांधायचं. मूळ आत ठेवून वरून सिमेंट मारलं तर ते कुजून तिथं पोकळी राहते आणि पाण्याला आयता बोगदा.

मालवणी_मसालो, १५ जुलै

आमच्याकडे बुंध्याक भोक पाडून हिंग भरतत.

हिरवा_कोपरा, १५ जुलै

भरतात, आणि पिंपळ पुढच्या मिरगाला पुन्हा हजर. हिंग महाग झालाय दादा, आमटीत घाला.

वाटसरू_बाई, १५ जुलै

पिंपळ तोडायला घरचे तयार होत नसतील तर छोटा असताना काढून कुंडीत किंवा देवळाच्या आवारात लावा, आमच्या सासूबाई तेवढ्यावर राजी झाल्या.

आणि भोकं बुजवायच्या आधी आत बॅटरी मारून बघा! परांचीच्या भोकात चिमण्या, साळुंक्या, आणि कधी त्या डंख न करणाऱ्या बारीक मधमाश्या असतात, भोकाच्या तोंडाशी मेणाची छोटी नळी दिसते. त्यांना राहू द्या, पाणी येत असेल तर वर छोटा छज्जा काढा. पिल्लं उडून जाईपर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही, तसंही काम दिवाळीनंतरच आहे तुमचं.

साइटवरचा, १६ जुलै

भोकांचं सांगतो. एसीचं आरपार भोक नुसतं बाहेरून गोळा दाबून बंद करतात, आत पोकळ राहतं. ते मधून भरत यायचं. आधी आतली धूळ काढा, ओलं करा, विटेचे किंवा चिऱ्याचे तुकडे मसाल्यात बसवत भरा, बाहेरचा शेवटचा इंचभर थर दुसऱ्या दिवशी. नुसता मसाला एकदम भरला तर तो सुकताना आकसतो आणि कडेनं गोल भेग पडते, तिथूनच पाणी. फोम मारून मोकळे होणारे आहेत, उन्हानं त्या फोमचा भुगा होतो आणि मुंग्या राहायला येतात, मारायचाच तर कापून वरून मसाल्याचं झाकण हवंच. पुढं कधी पाइप घालायचा असेल तर भोक बाहेरच्या बाजूला उतरतं पाडा, आणि वायर भिंतीत शिरण्याआधी खाली लोंबती वळवा म्हणजे पाणी तिथूनच टपकेल.

खिडकीची तिरपी भेग, ती चालायची थांबली असं दिसल्यावरच. ग्राइंडरनं व्ही आकाराची खाच, साधारण १० मिमी रुंद आणि तेवढीच खोल. ब्रश, फुंकर, पाणी मारून ओली पण पाणी साठलेलं नको. मग एसबीआर लेटेक्स (सिमेंटमध्ये घालायचं दुधासारखं रबरी द्रव) आणि सिमेंटची पातळ स्लरी ब्रशनं, आणि ती चिकट असतानाच पॉलिमर मसाला दाबून भरायचा. या मसाल्याचं प्रमाण आमच्या साइटवर वजनानं १ लेटेक्स, ५ सिमेंट, १५ क्वार्ट्झ सँड. स्लरी सुकल्यावर भरलं तर स्लरीच उलटी चिकटू देत नाही, हे मिस्त्रीला तीनदा सांगा कारण तो स्लरी मारून चहाला जातो. वर फायबरची जाळीची पट्टी, मग फिनिश. व्हाइट सिमेंट बाहेर कुठंही नको. बारीक केसासारख्या भेगा, १ मिमीच्या आतल्या, त्यांना कापाकापी नको, तयार क्रॅक फिलर आणि वरून ताणला जाणारा बाहेरचा रंग पुरे.

पागोळी, १६ जुलै

आणि ती मोठी उभी?

साइटवरचा, १६ जुलै

ती भरायचीच नाही, म्हणजे घट्ट भरायची नाही. दोन घरं आहेत ती, शेजारी शेजारी, त्यांना वेगवेगळं हलू द्या. भेगेच्या दोन्ही कडा सरळ करून घ्या, आत फोमची गोल दोरी दाबा, बॅकर रॉड म्हणून मिळते, भेगेपेक्षा थोडी जाड. तिच्यावर पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट. दोरी यासाठी की सीलंट फक्त दोन बाजूंना चिकटावा, मागं नाही, तरच तो रबरासारखा ताणला जातो. सीलंटची जाडी रुंदीच्या साधारण निम्मी. सिलिकॉन नको, त्यावर रंग बसत नाही. पश्चिमेची झड आहे म्हणून वरून ॲल्युमिनियमची पट्टी, पण ती एकाच बाजूला स्क्रूनं, दुसरी बाजू मोकळी. दोन्ही बाजू स्क्रू केल्या तर पुन्हा बांधलंत घराला घर. आणि वर स्लॅब आणि कौलं मिळतात तिथं पत्र्याचं पन्हळ नीट आहे का बघा, अर्धं पाणी तिथूनच येत असणार.

यावर्षीपुरतं त्या भेगेवर प्लास्टिकचा कागद पट्टीनं ठोका, किंवा सरळ झावळ्यांची झापं बांधा. आजोबांच्या काळी बांधत असतीलच.

काळी_माती, १७ जुलै

आणि तो गडगा बघा की. भरावाच्या गडग्यात पाणी निघायला भोकं असतील ती कोणी बुजवली नाहीत ना? आमच्या पाहुण्यांनी साप येतात म्हणून सगळी बुजवली, पुढच्या पावसात गडग्याला पोट आलं.

पागोळी, १७ जुलै

गडगा सुक्या चिऱ्यांचा आहे, पाणी झिरपतं. पोट नाही. बाबांनी आत्ताच जाऊन बघितलं, छत्री घेऊन.

पागोळी, ९ नोव्हेंबर

धागा वर काढतोय. प्लंबर आला शेवटी, न्हाणीचं पाणी माडांना गेलं. वरची काच ऑगस्टमध्ये तडकली, ती काढून दुसरी लावली, ती अजून धड आहे, मधली पहिलीच आहे. खिडकीची भेग पेन्सिलीच्या रेघेच्या पुढं गेलेली नाही. पन्हळ गंजून भोकं पडलेलं होतं, बदललं, आणि साइटवरचा साहेब, आतली ओल त्यानंच बरीच कमी झाली. पॅरापेट उतरवून पिंपळ काढला, मूळ स्लॅबच्या कडेनं हातभर गेलेलं.

प्रश्न : आता भरून टाकू का? आणि भिंत सुकलीय हे कसं ओळखायचं, हाताला तर कोरडी लागते.

साइटवरचा, ९ नोव्हेंबर

हातावर जाऊ नका. प्लास्टिकचा फूटभर चौकोनी कागद भिंतीला चारही कडांनी टेप लावून घट्ट चिकटवा, दुसऱ्या दिवशी काढा, आतल्या बाजूला दव असेल तर थांबा. पश्चिमेची भिंत सुकायला डिसेंबर उजाडेपर्यंत वेळ घेते. खिडकीची भेग आणि भोकं सुकल्यावर करून टाका. उभ्या भेगेला मात्र एक उन्हाळा बघा म्हणेन, मेमध्ये काच शाबूत असेल तर सीलंट पावसाच्या आधी मारा. तोवर प्लास्टिक आहेच.

मांडवीकाठ, ९ नोव्हेंबर

चुन्याचा गवंडी मिळाला का?

पागोळी, १० नोव्हेंबर

राजापूरकडचा एक मिळाला, देवळाचं काम संपवून जानेवारीत येतो म्हणालाय. चुना आत्ताच भिजत घालायला सांगितलाय त्यानं, पिंपात. पिंप कशाचं चालेल, प्लास्टिकचं?

मांडवीकाठ, १० नोव्हेंबर

मुरायला ठेवायला प्लास्टिकचं चालेल, पण कळीचा चुना विझवताना नाही, तेव्हा पाणी उकळतं आणि प्लास्टिक वितळतं. विझवायला लोखंडी पिंप किंवा जमिनीत खड्डा. आधी पाणी घ्या आणि चुना त्यात थोडा थोडा टाका, उलटं नाही. डोळ्यांना चष्मा, बाबांना लांब बसवा, लहान पोरं आणि कुत्रा घरात. थंड झाला की प्लास्टिकच्या पिंपात घालून वर चार बोटं पाणी उभं ठेवा.